भिंतीवरचा टीव्ही आणि लपवायच्या वायरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात वायरिंग आणि टीव्ही-फिटिंगची कामं करतो. खालचे प्रश्न मला नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, संभाजीनगर अशा सगळीकडून येतात, बहुतेक वेळा भिंतीच्या फोटोसकट आणि बहुतेक वेळा रात्री जेवणानंतर. तेच ते परत टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलेलं असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. घर बांधून, रंगवून झालंय. टीव्ही भिंतीवर टांगला, पण खाली चार वायरी लोंबतात. तोडफोड न करता काय करता येईल?

कॅसिंग पट्टी लावा. आपण लाइटच्या वायरीला लावतो तीच पीव्हीसीची झाकणवाली पट्टी, फक्त रुंद घ्या. अर्ध्या-पाऊण इंची पट्टीत एचडीएमआय (डब्ब्यातून टीव्हीला चित्र-आवाज नेणारी केबल) आणि डिशची केबल एकत्र मावत नाहीत, मग झाकण फुगतं आणि रात्री-अपरात्री टपकन निघून पडतं. दीड-दोन इंची घ्या. टीव्हीच्या खालच्या कडेपासून खालच्या कपाटाच्या, म्हणजे युनिटच्या, माथ्यापर्यंत एकच सरळ उभी पट्टी, ओळंबा धरून. भिंतीचाच रंग ब्रशने दोन हात मारला की चार पावलांवरून दिसतही नाही. नुसती चिकटपट्टी लावू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती सुटते. दर फुटावर एक स्क्रू पाहिजे.

पॉवरची वायर या पट्टीत घालायची का, ते प्रश्न ५ मध्ये.

२. बांधकाम सुरू आहे. गवंडी म्हणायलाय, "आत्ताच सांगा, गिलावा झाल्यावर झिरी (पाइपसाठी भिंतीत खाच) मारणार नाही." त्याला नेमकं काय सांगू?

गवंडी बरोबर बोलतोय. त्याला सांगायच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत.

टीव्ही जिथं येणार तिथं भिंतीत एक मोठा बॉक्स आणि खाली युनिटच्या जागी दुसरा. दोन्हींच्या मध्ये सरळ उभा दोन इंची पीव्हीसी पाइप. त्यात पुढे केबल ओढायला एक नायलॉनची दोरी आधीच ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवायची. लाइटचा पाइप वेगळा, किमान सहा इंच लांबून. छतावरच्या डिशपासून आणि राउटरच्या जागेपासून एक-एक पाइप खालच्या बॉक्सपर्यंत. मागचे स्पीकर कधीतरी लावायचे मनात असेल तर सोफ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत आणखी एक.

पाइप बसले, अजून गिलावा व्हायचा आहे, त्या दिवशी भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. दोन वर्षांनी देव्हाऱ्याचा खिळा ठोकताना हा फोटो शोधाल. बायकोच्या फोनमध्येही एक प्रत ठेवा.

३. वायरमन म्हणतो एक इंची पाइप भरपूर झाला. दोन इंची कशाला?

लाइटच्या वायरीला एक इंची भरपूर, कारण त्या वायरीला टोकाला काही नसतं. एचडीएमआयला टोकाला डोकं असतं. नुसत्या धातूच्या तोंडाची रुंदी जवळपास १४ मिमी, त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण धरलं तर २० मिमीच्या आसपास. २५ मिमी पाइपचं आतलं पोकळ त्याहून जेमतेम मोठं. सरळ पाइपात एखादी केबल ढकलून जाईल, पण बेंड आला की अडकली. दुसरी केबल तर विसराच.

वायरमनला म्हणावं, एचडीएमआयचं डोकं कापून परत जोडून दाखव. मग तोच दोन इंची पाइप आणेल.

बेंड लागलाच तर प्लंबरकडचा लांब वळणाचा घ्या, काटकोनी एल्बो नको. एका पाइपात दोनपेक्षा जास्त वळणं ठेवू नका.

४. पाइप कशाला? चांगल्या कंपनीची एचडीएमआय सरळ झिरीत टाकून सिमेंटने बुजवली तर?

हे मी स्वतःच्या घरात केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाणखान्यात केबल झिरीत ठेवली, वरून गिलावा, वर पुट्टी, वर रंग. दोन टोकं भिंतीतून बाहेर, इतकं देखणं काम की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. तीनेक वर्षांनी फोर-के टीव्ही आणला. चित्र यायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी पडदा काळा व्हायचा, परत यायचा. टीव्हीवाल्याशी भांडलो, सेट-टॉप बॉक्स बदलून घेतला. शेवटी बाहेरून दुसरी केबल जमिनीवरून टाकून पाहिली तर सगळं ठणठणीत. भिंतीतली केबल जुन्या कामापुरती ठीक होती, फोर-केला सेकंदाला ६० फ्रेम पाठवायला १८ गिगाबिट लागतात, तेवढं तिला पेलत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर भिंत फोडली. घरात आठ दिवस सिमेंटची धूळ, फराळाच्या डब्यांवरसुद्धा. बायकोने त्या वर्षी चकली केली नाही आणि त्याचं कारण अजूनही पाहुण्यांना सांगते.

केबलचं आयुष्य भिंतीइतकं नसतं. पाच-सात वर्षांत टीव्ही बदलतो, डब्बा बदलतो, मानक बदलतं. भिंतीत पाइप बुजवा, केबल त्यात मोकळी राहू द्या. उद्या ती ओढून दुसरी घालता आली पाहिजे. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर बेतलेली आहेत.

५. टीव्हीची पॉवरची वायर पण त्याच पाइपातून किंवा पट्टीतून खाली नेली तर चालेल ना?

बाहेरच्या कॅसिंग पट्टीतून चालेल, कारण झाकण उघडलं की ती डोळ्यांसमोर असते. तरी मध्ये आडवा पडदा असलेली दोन कप्प्यांची पट्टी मिळाली तर तीच घ्या.

भिंतीच्या आत नाही. टीव्हीबरोबर येते ती कॉर्ड उघड्यावर वापरायची वस्तू आहे. ती गिलाव्यात किंवा बंद पाइपात सारायची नाही, आणि भिंतीच्या आत तिला जोड देऊन टेप गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. टीव्हीच्या मागेच भिंतीत सॉकेट करून घ्या. बोर्डापासून तिथपर्यंत दीड स्क्वेअर मिमीची एफआर (लवकर पेट न घेणारी) वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही, वेगळ्या पाइपातून. दोन पिनवर भागतं म्हणून अर्थ गाळणारे वायरमन भेटतात, त्यांना परत पाठवा. घरच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या कामाबरोबर तीही बसवून घ्या.

पॉवर आणि सिग्नल एकमेकांना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्या. हातात हात घालून लांबवर गेले की स्पीकरमधून गुणगुण येते (प्रश्न १६).

६. सॉकेट आणि टीव्ही किती उंचीवर?

आधी सांगा, टीव्ही कुठं बसून बघता? सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १०५ सेंमीवर असते. सतरंजीवर बसून बघणाऱ्याची ७५-८० वर. आमच्याकडं निम्म्या घरांत पाहुणे सोफ्यावर आणि घरचे खाली बसतात. पडद्याचा मध्य नजरेच्या थोडा वर ठेवा, त्यापेक्षा जास्त नको. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंमी असते. मध्य १०५ वर धरला तर खालची कड ७० च्या आसपास येते. बहुतेकांना हे फारच खाली वाटतं आणि मग ते दाराच्या चौकटीच्या उंचीला टीव्ही टांगतात, जसा बसस्टँडवर असतो. आठवड्यात मान धरते.

सॉकेट टीव्हीच्या मधोमध करू नका, तिथं ब्रॅकेटची पट्टी येते. ब्रॅकेटच्या बाजूला, पण टीव्हीच्या कडेच्या पुरेसं आत. बारीक ब्रॅकेटमध्ये भिंत आणि टीव्ही यांच्यात तीन-चार सेंमीच जागा उरते, पिन सरळ बाहेर आलेली असेल तर टीव्ही भिंतीला टेकतच नाही. म्हणून बॉक्स भिंतीत जरा खोल बसवा. टीव्ही आधी विकत घ्या, पाठ उलटी करून पोर्ट कुठल्या बाजूला आहेत ते बघा, मग भिंतीवर खडूने खूण करा. याच्या उलट्या क्रमाने काम केलेल्यांचे फोन मला जास्त येतात.

७. आमचा जुना वाडा आहे. दोन फुटी दगड-मातीची भिंत, वर माळवद. यात झिरी कशी मारायची?

मारायचीच नाही. अशा भिंतीत बाहेर घडीव दगड दिसतो, पण आत माती आणि डबर भरलेलं असतं. कटर लावला की एक दगड हलतो, मग शेजारचा, मग मातीची धार लागते. हॅमर ड्रिलचे हादरेही जपून. प्लॅस्टिकच्या गिट्टीत स्क्रू आवळून टीव्ही टांगला तर तो मातीच्या सांध्यात लागलाय की दगडात, हे टीव्ही पडल्यावरच कळतं.

त्यापेक्षा वेल्डरकडून दोन इंची चौकोनी लोखंडी पाइपची चौकट करून घ्या. पाय जमिनीवर, पाठ भिंतीला, टीव्हीचं सगळं वजन फरशीवर. वरच्या बाजूला दगडात दोन अँकर फक्त चौकट पुढे कलू नये म्हणून. आणि वायरी? त्या चौकोनी पाइपच्या पोटातून. वर-खाली एकेक गोल भोक पाडा, भोकाची धार घासून घ्या, रबरी वॉशर बसवा, नाहीतर लोखंडाच्या धारेवर वायर कापते. भिंतीच्या रंगात रंगवलं की चौकट मुळातच वाड्याची वाटते.

आणि वाड्यात एक गोष्ट आयती असते, फडताळ. उदगीरकडच्या एका घरात टीव्हीच्या शेजारीच भिंतीत जुनं सागवानी दाराचं फडताळ होतं. रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र), सेट-टॉप बॉक्स, राउटर सगळं त्यात मावत होतं. आजी मात्र लोणच्याच्या बरण्या हलवायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, खालचा खण बरण्यांना, वरचा यंत्राला. तर म्हणाल्या, "तुझं यंत्र तापतंय, माझं लोणचं नासंल." अगदी बरोबर होतं त्यांचं. शेवटी बरण्या स्वयंपाकघरात गेल्या, फडताळाच्या दाराला वर-खाली जाळी बसली. ती का, ते प्रश्न ११ मध्ये.

८. औसा तालुक्यात घर आहे, भूकंपानंतर बांधलेलं. त्यात झिरी मारताना काही वेगळं बघावं लागतं का?

लागतं, आणि हे विचारल्याबद्दल आभार, कारण बरेच जण विचारत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात जी घरं उभी राहिली त्यांत जोत्याला, दारं-खिडक्यांच्या माथ्याला आणि छताखाली काँक्रीटचे आडवे पट्टे ओतलेले असतात. त्यांत सळया असतात. कोपऱ्यांतही उभ्या सळया असू शकतात. हे पट्टे घराला कमरपट्ट्यासारखे बांधून ठेवतात.

म्हणून आडवी झिरी मारूच नका. उभी झिरी लिंटेल पट्ट्याच्या (दारं-खिडक्यांच्या माथ्यावरच्या) खालीच थांबवा, कोपऱ्यापासून दोन फूट लांब राहा. ड्रिल करताना लाल धूळ यायची थांबून करडी यायला लागली आणि आवाज बारीक झाला की समजा पट्टा लागला. तिथं नुसता स्क्रू चालेल, पण कटर लावून सळई कापू नका. वरून डिशची केबल आणायची तर बाहेरच्या बाजूने क्लिप मारत आणून टीव्हीच्या उंचीवर तिरकं एकच भोक पाडा, बाहेरचं तोंड खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

९. भिंत साडेचार इंची आहे. दोन इंची पाइप बसेल?

बसेल, पण भिंत उरणार नाही. भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, हा बांधकामाचा नियम आहे. नऊ इंची भिंतीत तीन इंच मिळतात, दोन इंची पाइप आरामात. साडेचार इंचीत दीडच इंच. तिथं झिरी मारण्याच्या भानगडीत पडू नका, टीव्हीच्या मागे प्लायचं पॅनेल उभं करा. भिंतीपासून अडीच-तीन इंच पुढे, मागे लाकडी रिप पट्ट्या, मधल्या पोकळीत हवे तेवढे पाइप. टीव्हीचा ब्रॅकेट मात्र नुसत्या प्लायवर नको, स्क्रू प्लायमधून जाऊन भिंतीत रुतले पाहिजेत.

हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीलाही हेच पॅनेल बरं. त्यात साधी गिट्टी भुगा होऊन निघते, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात ते मागा.

१०. प्रोजेक्टर किंवा दुसऱ्या खोलीतल्या डब्ब्यासाठी दहा मीटर एचडीएमआय टाकायची आहे. चालेल का?

साध्या तांब्याच्या केबलवर फोर-के सिग्नल चार-पाच मीटरपर्यंत भरवशाचा. त्यापुढे लागली तर लागली. दहा मीटरला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, जिच्यात आत काचतंतू असतात. ती बारीक आणि हलकी असते, पण तिला दोन टोकं वेगवेगळी असतात. एकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येतच नाही. पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही बाजूंना जोडून चालू करून बघा. आणि तिला कडक घडी घालू नका, आतली काच मोडते.

११. रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्स दारवाल्या कपाटात ठेवले. अर्ध्या तासात बंद पडतात. का?

तापतात म्हणून. परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतं, पंख्याखालच्या खोलीत ३६-३७. बहुतेक टीव्ही आणि डब्बे ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात. बंद कपाटात रिसीव्हर स्वतःच भट्टी होतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. डब्बा वाईट नाही, कपाट वाईट आहे.

सुताराला सांगा, कपाटाची पाठ पूर्ण उघडी ठेव किंवा निम्मी कापून टाक. खाली थंड हवा आत यायला फट आणि वर गरम हवा बाहेर जायला फट, दोन्ही लागतात. नुसती वर भोकं पाडून उपयोग नाही. रिसीव्हरच्या डोक्यावर किमान चार इंच मोकळी जागा, आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. हवा पुरेना तर वरच्या फटीला कॉम्प्युटरचा १२० मिमीचा एक पंखा, हवा बाहेर फेकणारा. मोठा पंखा हळू फिरवा, छोटा जोरात फिरवला की सिनेमाच्या शांत प्रसंगात तोच ऐकू येतो.

वर्षातून दोनदा मागचा भाग ब्रशने झाडा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते, पंख्याच्या पात्यावर रोटीवरच्या पिठासारखी बसते.

१२. कपाटाचं दार लावलं की रिमोट चालत नाही.

सेट-टॉप बॉक्सचा साधा रिमोट प्रकाशावर चालतो, लाकडातून तो जात नाही. दाराला काच लावा, धुरकट काचेतूनही बहुतेक वेळा चालतं. दार लाकडीच हवं तर आयआर रिपीटर मिळतो: हरभऱ्याएवढा एक डोळा टीव्हीच्या कडेला, तिथून बारीक वायर कपाटात, तिचं टोक डब्ब्याच्या तोंडाशी चिकटवायचं. त्या वायरीसाठीही पाइप लागतोच. ब्लूटूथ रिमोटवाल्यांना ही अडचण येत नाही.

१३. फायर स्टिक टीव्हीच्या मागे लावली, कुणाला दिसत नाही, पण सिनेमा सारखा गोल गोल फिरत थांबतो.

टीव्हीची धातूची पाठ आणि मागची भिंत यांच्या मध्ये वायफाय गुदमरतो. स्टिकबरोबर एक छोटी एचडीएमआयची शेपटी आली असेल, जी सगळे डब्यातच विसरतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेपर्यंत आणा. सेटिंगमध्ये पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडून बघा, पण राउटर जाड भिंतीपलीकडे असेल तर २.४ च बरं. आणि घर बांधताना प्रश्न २ प्रमाणे राउटरचा पाइप टाकला असेल तर कॅट-६ (इंटरनेटची) केबल ओढा, विषय संपला.

१४. नुसता साऊंडबार आहे. त्याला किती वायरी लागतात?

दोन. एक पॉवरची, एक एचडीएमआय. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीतून आवाज बाहेर देणारं पोर्ट) लिहिलंय त्यातच लावायची, दुसऱ्यात लावून आवाज का येत नाही म्हणून फोन करू नका. दोन्ही यंत्रांवर ईएआरसी असेल तर पूर्ण गुणवत्तेचा आवाज जातो, एआरसीवर दाबलेला जातो. साऊंडबार टीव्हीच्या बरोबर खाली भिंतीवरच लावला तर दोन्ही वायरी टीव्हीच्या मागेच मुरतात, खाली पट्टीसुद्धा लागत नाही. फक्त तो टीव्हीच्या रिमोटच्या डोळ्यावर येत नाही ना, ते बघा.

१५. मागच्या स्पीकरच्या वायरी आणि सबवूफर कसे लपवायचे? स्पीकर कापडाआड चालतात का?

वायर स्कर्टिंगच्या कडेने न्या किंवा पीओपी छत असेल तर त्याच्या वरून. १५ मीटरपर्यंत १६ गेजची पुरते, त्याहून लांब तर १४ (आकडा लहान तशी वायर जाड). शुद्ध तांब्याची मागा, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम सर्रास विकतात. नखाने खरवडून आत पांढरं दिसलं तर परत द्या. दाराच्या उंबऱ्यावरून वायर नेऊ नका, लक्ष्मीपूजनाला सगळ्यांचे पाय तिथंच अडकतात. "वायरलेस" स्पीकर घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्यांना विजेची वायर लागतेच.

कापडाआड स्पीकर चालतो. परीक्षा साधी: कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर पलीकडच्या हाताला लागली तर आवाजही जाईल. पातळ खादी चांगली चालते, हिमरू किंवा जाड सोफ्याचं कापड आवाजाची धार खाऊन टाकतं. सबवूफर सोफ्याच्या मागे किंवा कोपऱ्यात ढकलला तरी हरकत नाही, त्याचा आवाज कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही. कपाटात मात्र कोंबू नका, अख्खं कपाट वाजायला लागतं.

१६. सगळं लपवलं, पण स्पीकरमधून सारखी हूंऽऽ अशी गुणगुण येते.

आधी डिशची किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढा. गुणगुण थांबली तर दोष त्या वायरीतून येणाऱ्या अर्थमध्ये आहे, घरच्या अर्थशी त्याचं जुळत नाही. टीव्ही, डब्बा, रिसीव्हर सगळं एकाच बोर्डावरून चालवून बघा. तरी आलीच तर केबलच्या मध्ये बसवायचा आयसोलेटर मिळतो. थांबली नाही तर पॉवर आणि स्पीकरची वायर शेजारी-शेजारी गेली आहे का, ते बघा (प्रश्न ५). काहीजण तीन पिनमधली अर्थची पिन तोडून गुणगुण घालवतात. गुणगुण जाते, आणि यंत्राला हात लावणाऱ्याची सुरक्षाही जाते.

१७. लाइट जाते-येते, पावसाळ्याच्या तोंडाला विजा पडतात. लपवलेल्या सामानाचं काय?

मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आमच्याकडं विजा फार. ढग गडगडायला लागले की पॉवरची पिन आणि डिशची वायर, दोन्ही काढायच्या. लोक पिन काढतात आणि डिश विसरतात, मग वीज छतावरच्या छत्रीतून आत येते. म्हणून लपवताना या दोन जागा हाताशी ठेवा. ज्याला टीव्ही खाली उतरवूनच पिन काढता येते, तो कधीच काढत नाही. टीव्हीमागच्या सॉकेटचा स्विच खाली युनिटजवळ घेणं हा सोपा उपाय, पण तो विजेसाठी पुरेसा नाही, पिन काढणं ते काढणंच.

स्पाइक गार्ड अर्थवर अवलंबून असतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. एक-दोन व्होल्ट ठीक. दहा-वीस दाखवलं तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय, त्यात पाणी ओता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, तेव्हा अर्थिंगला पाणी ओता म्हणायला माझीच जीभ वळत नव्हती. आता भांडी घासलेलं पाणी तिकडं वळवा, चालतं.

१८. पाइपातून उंदीर येतात. युनिटला वाळवी पण लागली.

शेतातला माल घरात येतो तिथं उंदीर येणारच, आणि पाइप म्हणजे त्यांना आयता बोगदा. पाइपच्या दोन्ही तोंडांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबा. ती कुरतडता येत नाही आणि केबल बदलायची असेल तेव्हा काढताही येते. एम-सील भरू नका, मग प्रश्न ४ मधलंच दुःख. वाळवीसाठी युनिट जमिनीपासून चार इंच वर, भिंतीवरच टांगतं करा, म्हणजे मातीची नळी चढायला लागली तर झाडताना दिसते. ओल येणाऱ्या भिंतीवर, विशेषतः पलीकडे न्हाणीघर असेल तर, टीव्ही लावूच नका.

१९. महालक्ष्म्या टीव्हीच्या भिंतीसमोरच बसतात. तीन दिवस सगळं झाकलं जातं. काय सोय करावी?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. लाइटिंगच्या माळा लोक टीव्हीमागच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवतात, आणि मखराचं कापड त्यावरच. युनिटच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून फूटभर वर, एकेक जादा सॉकेट ठेवा, फक्त माळांसाठी. रिसीव्हरच्या जाळीवर साडी किंवा पडदा टाकणार असाल तर तीन दिवस तो बंदच ठेवा. टीव्ही पूर्ण बाजूला सरकवायचा तर हात असलेला, बाहेर ओढता येणारा ब्रॅकेट घ्या आणि मागे केबलला दोन फूट ढील ठेवा. बेताची केबल टीव्ही ओढताना पोर्टच उपटते.

२०. भाड्याचं घर आहे. मालक खिळाही मारू देत नाही.

मग टीव्ही स्टँडवर, भिंतीला टेकवून. वायरी टेबलाच्या मागच्या पायाला कापडी पट्ट्यांनी बांधा. रूम बदलताना मालक डिपॉझिटमधून कापायला भिंतीवरचं भोकच शोधतो.

२१. पाइप आहे, पण दोरी टाकायची राहिली. आता केबल आत जाईना. भिंत फोडू का?

थांबा. पॉलिथिनच्या पिशवीचा लिंबाएवढा बोळा करा, त्याला शिवणाचा लांब दोरा बांधा आणि पाइपच्या वरच्या तोंडात सोडा. खालच्या तोंडाला घरातलं व्हॅक्यूम क्लीनर लावा, भोवतीची फट ओल्या फडक्याने बंद करा आणि चालू करा. बोळा दोऱ्यासकट खाली येतो. त्या दोऱ्याला नायलॉनची दोरी बांधून ओढा, आणि दोरीला केबल. केबलचं डोकं दोरीला टेपने निमुळतं गुंडाळा, कडा राहू देऊ नका. पाइपात थोडी टाल्कम पावडर फुंका, तेल किंवा ग्रीस नको. एकाने वरून ढकलायचं, एकाने खालून ओढायचं, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही. अडकली तर झटका मारू नका, फूटभर मागे घेऊन केबल थोडी पिळून परत ओढा. जुनी केबल काढताना तिच्या शेपटीला नवी दोरी बांधायला विसरू नका, म्हणजे पुढच्या वेळी व्हॅक्यूम शेजाऱ्याकडून मागून आणावं लागणार नाही.